खात्याला जोडलेला नंबर

४ जानेवारी

राजे,

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुझ्या खोलीचा पत्ता माझ्याकडे नाही. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू न फोडताच टोपलीत टाकलं असतंस, एवढं मी माझ्या पोराला ओळखतो. अक्षरावरून ओळखलं असशील तर माझा नाइलाज आहे. चाळीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिठ्ठ्या लिहिल्या, आता या वयात अक्षर बदलत नाही.

फोन लागत नाही. दोन वर्षं तीच बाई सांगते की हा क्रमांक व्यस्त आहे. इतका व्यस्त माणूस मी मंत्र्यांतही पाहिला नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. खालच्या मजल्यावरचा औषधवाला म्हणतो, काका, वजन कमी करा. मी म्हटलं, एकट्या माणसाचं वजन वाढतंय तो दोष पातेल्याचा आहे. तीन माणसांचं पातेलं, कितीही कमी टाकलं तरी एकाला जास्तच होतं.

तुझं बरं चाललं असेल. थंडी पडली आहे, तेव्हा जाड काहीतरी घेतलं असशीलच. सकाळी कामावर जाण्याआधी काहीतरी पोटात टाकतोस हे चांगलं करतोस, पण रोज बेकरीतलं खाऊ नये. आणि पगार झाला की पहिल्या आठवड्यात हात जरा सैल सुटतो, तुझ्या वयात ते चालायचंच. पण साडेचार हजारांचे बूट म्हणजे अतीच झालं. बूट पायात घालायचे असतात, कपाटात मांडून ठेवायचे नसतात.

हे सगळं आपलं अंदाजाने लिहितोय. हल्लीची तरुण मुलं कशी राहतात ते पेपरात येतच असतं.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. आलं तर वाचेन.

— बाबा


१९ जानेवारी

राजे,

मागचं पत्र पेटीत टाकलं, घरी आलो, चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायच्या आत लक्षात आलं की मी बुटांची किंमत लिहून बसलोय. गॅस बंद केला आणि तसाच पुन्हा पेटीशी गेलो. पोस्टमन येईपर्यंत दीड तास उभा होतो. त्याला म्हटलं, एवढं एक पाकीट मला परत दे, माझंच आहे. तो म्हणाला, "काका, पेटीत पडलं की ते तुमचं नाही. माझंपण नाही. ज्याच्या नावाचं आहे त्याचं." मी स्टोअरच्या खिडकीत बसून माणसांना असंच ऐकवायचो, त्यामुळे वाद घालायला तोंड उरलं नाही.

तेव्हा आता खरं काय ते सांगतो.

तू अकरावीत होतास तेव्हा आपण तुझं बँकेत खातं उघडलं. तुझ्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जावर माझा नंबर घातला. पुढे नोकरी लागली तेव्हा तू ऑफिसला तेच खातं दिलंस. नंबर तसाच राहिला. तू कुठेही कार्ड वापरलंस की निरोप माझ्या फोनवर येतो. किती, कुठे, किती वाजता आणि मागे शिल्लक किती. तू गेल्यावरही येत राहिला.

तुझ्या पैशावर माझा डोळा नाही, हे तुला पटेल अशी आशा आहे. फोन वाजतो, मी चष्मा लावतो आणि वाचतो. माझा गुन्हा एवढाच.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, बेकरी, पस्तीस. हा निरोप आला की मला कळतं, तू उठलास, आवरलंस, कामाला निघालास. मग मी माझा चहा गाळतो. साडेनऊपर्यंत आला नाही तर चहा तसाच गार होतो. मागच्या वर्षी एकदा सलग चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी औषधांचं दुकान, दोनशे सत्तर. मी खाली जाऊन औषधवाल्याला विचारलं, "दोनशे सत्तरमध्ये काय काय येतं रे?" तो म्हणाला, "काका, सर्दीपासून ते पार दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं येतं." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सहाव्या दिवशी नऊ दहाला पस्तीस आले. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यायलो आणि त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो.

तू मनात आणलंस तर हा नंबर बदलता येईल. बँकेत जायचं, एक अर्ज द्यायचा, दहा मिनिटांचं काम. मी तुला विनवतो, ते करू नकोस. मी आयुष्यात कुणाकडे हात पसरला नाही, हे तू जाणतोस, आणि त्यावरून तू मला टोमणेही मारलेस. आज पसरतोय. फोन उचलू नकोस. घरी येऊ नकोस. माझ्याशी जन्मात बोलू नकोस. पण एवढं राहू दे.

— बाबा

बूट चांगलेच असतील. साडेचार हजारांत वाईट कशाला देतील?


११ फेब्रुवारी

राजे,

तीन आठवडे झाले, निरोप येतायत. म्हणजे एक तर तू पत्र न वाचता फेकलंस, किंवा वाचलंस आणि राहू दिलंस. मी दुसरं धरून चाललोय. औषधवाला म्हणतो, तिसरंही असू शकतं, कामाच्या गडबडीत त्याचं बँकेत जायचं राहून गेलं असेल. मी त्याला म्हटलं, तू गोळ्या वीक.

तू राहू दिलंस असं धरल्यामुळे जरा हक्काने लिहितो. रागावू नकोस. किंवा रागाव, त्याने काय फरक पडणार आहे?

या महिन्याच्या एक तारखेला पगार. दोनला हॉटेल, सहा हजार दोनशे. चारला सिनेमा, एवढी रक्कम की अर्धी रांग तुझीच असणार. पाचला पुन्हा हॉटेल. सातला अत्तरांचं दुकान. आठला कॅफे, चौदाशे. काल शिल्लक चारशे अकरा. आणि आज सकाळी नऊ दहाला बेकरी, अठरा.

पस्तीसचे अठरा झाले. म्हणजे चहा बंद, नुसता पाव. महिना संपायला सतरा दिवस आहेत.

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा चंगळ करतोय, करू दे, भोगेल. दुपारी आडवा झालो तर झोप लागेना. एकटा माणूस सहा हजारांचं जेवत नाही. त्याला दहा तोंडं लागतात. मग उठून जुने निरोप वर ढकलत ढकलत पाहिले. दर महिन्याला तेच आहे. दहा तारखेपर्यंत राजा आणि त्यानंतर नुसता पाव. तू सगळ्यांचं बिल भरतोस. दुसऱ्याचा हात खिशाकडे जायच्या आत तुझं कार्ड वेटरच्या ताटलीत पडलेलं असतं.

ही खोड तुला कुठून लागली ते शोधायला लांब जायला नको.

तू सात-आठ वर्षांचा असशील. आपण तिघं बाजारात गेलो की परतताना हॉटेलात बसायचो आणि मी सांगायचो, एक चहा, तीन कपांत. वेटर मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "एक चहा तीनात!" लोक वळून बघायचे. मला कशाची म्हणून लाज वाटायची नाही, उलट मीच त्यांच्याकडे बघून हसायचो, की बघा, मी कसा हुशार. तुझी आई पदराशी चाळा करायची. तू टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडे टक लावून बसायचास. मला वाटायचं, पोराला मीठ आवडतं.

तेव्हा बिलाबद्दल मी तुला बोलणार नाही. ती बिलं अर्धी माझीच आहेत.

फक्त एक विचारतो. ही दहा माणसं अकरा तारखेनंतर कुठे असतात? त्यांच्यापैकी एकाने तरी विचारलं का, काय रे, तू नुसता पाव का खातोस? उत्तर मला देऊ नकोस. स्वतःला दे.

— बाबा


२४ फेब्रुवारी

राजे,

काल तुझ्या खात्यात अडतीस उरले होते. आज सकाळी बेकरीचा निरोप आलाच नाही. मी पावणेदहापर्यंत वाट पाहिली, सदरा चढवला आणि बँक गाठली. तुझ्या खात्यात पंचवीस हजार नऊशे चाळीस भरले. पावतीवर शिक्का पडतोय तोच माझा फोन वाजला, आपल्या खात्यात इतके इतके जमा. खिडकीतली बाई हसून म्हणाली, "काय काका, पैसे आले वाटतं कुठून तरी?" मी म्हटलं, "हो. मीच पाठवले."

हे पैसे कसले ते तुला माहीत आहे. तरी आज लिहितो, कारण आपण त्यावर कधी बोललो नाही आणि मी ते कधी कबूल केलं नाही.

तुझा पहिला पगार झाला आणि तू आईसाठी कपडे धुवायचं मशीन आणलंस. दोन हमाल जिन्यात वळताना अडकले, तू खालून जोर लावलास. ते मोरीच्या दाराशी ठेवलं तेव्हा तुझी आई हात पुसत उभी होती. जवळ जाईना. तू तिला बटणं दाखवलीस, तिने एकच दाबलं आणि घाबरून हात मागे घेतला. मग तू चार दिवस ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलास. त्या चार दिवसांत तिने ते माहितीचं पुस्तक दोनदा वाचून काढलं. शेवटच्या पानावरचं, कंपनीच्या पत्त्यासकट.

आणि मी खोक्यातलं बिल वाचलं. सात दिवसांत परत घेऊ, असं खाली बारीक अक्षरात होतं.

तुझी आई म्हणाली, "राहू द्या ना हो. पोराने हौसेने आणलंय."

मी म्हटलं, "हौसेला वीज लागते, आणि विजेला बिल येतं. तीन माणसांचे कपडे ते काय!"

दुकानात फोन केला. तेच दोन हमाल आले. तुझ्या आईने ते पुस्तक मशीनच्या आत ठेवून झाकण लावलं, कारण वस्तू परत द्यायची तर पूर्ण द्यावी. संध्याकाळी तिने चादरी भिजवल्या. तू आलास, मोरीत डोकावलास, ती चादर पिळत होती. बॅग खांद्यावरच ठेवून चादरीचं दुसरं टोक धरलंस आणि तिच्या उलट दिशेने पिळायला लागलास. मी बाहेर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर होता.

ते साडेअठरा हजार मी उडवले नाहीत. पाच वर्षांच्या ठेवीत टाकले आणि वारस म्हणून तुझं नाव लावलं. मला वाटायचं, कधीतरी तुला दाखवीन आणि तू म्हणशील, बाबा, तुमचं बरोबर होतं.

तीन वर्षांनी ती गेली. शेवटी शेवटी तिचा हात तुझ्याच हातात असायचा आणि तू तिच्या बोटांच्या भेगांना मलम लावायचास. ती भेगांनी गेली नाही, डॉक्टरांनी काय सांगितलं ते आपण दोघांनी ऐकलं होतं. पण तुला बघायला त्या भेगा होत्या.

ती गेल्यावर आठवड्याने तू मला विचारलंस, "बाबा, मशीनचे पैसे कुठे आहेत?"

मी उठलो, कपाट उघडलं, ठेवीची पावती काढली आणि तुझ्या हातात दिली. वर म्हटलं, "साडेबावीसच्या वर गेलेत व्याजासकट."

राजे, मला तो खरोखरच प्रश्न वाटला रे. चाळीस वर्षं माणसं खिडकीशी येऊन विचारायची, अमुक कुठे आहे, आणि मी रॅकचा नंबर सांगायचो. तू पावती टेबलावर ठेवलीस, उडू नये म्हणून तिच्यावर पेला ठेवलास आणि बॅग भरायला गेलास. तू जिना उतरून गेल्यावरसुद्धा मी विचार करत होतो की माझं व्याज चुकलं की काय.

ठेव काल पुरी झाली. पैसे तुझे आहेत. त्याचं काहीही कर. हॉटेलात उडव, त्या दहा जणांना खाऊ घाल. फक्त उद्या सकाळी नऊ दहाला पस्तीसचं खा.

— बाबा


९ मार्च

राजे,

तू पस्तीसचं खाल्लं नाहीस. अठराचंही नाही. पगार होईपर्यंत त्या पैशांना तू हात लावला नाहीस, पगार झाल्यावरही बेकरी आली नाही. मी म्हटलं, पोरगं विचारात पडलंय, पडू दे.

मग सहा तारखेला सकाळी अकरा वीसला निरोप आला. घरगुती उपकरणांचं दुकान, पंचवीस हजार नऊशे.

मी तीनदा वाचला. चप्पल न घालता खाली गेलो आणि दुकानात गिऱ्हाईक असताना औषधवाल्याला ओरडून सांगितलं, "पोराने मशीन घेतलं!" त्याला आगापिछा काही माहीत नव्हता, पण त्याने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं. त्याला सगळं सांगितलं. तो गिऱ्हाइकाचे सुटे पैसे द्यायचं विसरला. वर आलो आणि तुझ्या खोलीत ते कुठे ठेवलं असशील याचा विचार करत बसलो. खोली मी पाहिलेली नाही, तरी एक खिडकी, एक मोरी आणि मधे ते मशीन, असं सगळं मांडून झालं. मग इथल्या बेकरीत गेलो आणि विचारलं, पस्तीसमध्ये काय येतं? एक पाव आणि चहा. बसून खाल्लं. एकट्यासाठी चहा सांगायची ती माझी पहिली वेळ.

चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. तेच दुकान. पंचवीस हजार नऊशे जमा.

मला वाटलं, दुकानदाराची काहीतरी चूक झाली. खाली जाऊन दाखवलं. औषधवाल्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "काका, माल परत केला की असा निरोप येतो." एरवी तो प्रत्येक गोष्टीवर काहीतरी टोला हाणतो. त्या दिवशी त्याने गुपचूप माझा फोन माझ्या खिशात ठेवला.

साडेचारला सगळेच्या सगळे पैसे रोख काढलेस. ते कुठे गेले ते मला कळायचा मार्ग नाही.

तेव्हा आता शंका उरली नाही. पत्रं तुला मिळतात. तू ती वाचतोस. मी इतके दिवस म्हणत होतो की उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही, आणि मनात म्हणत होतो, पाठव रे. पाठवलंस. पोहोचलं.

राग आला नाही असं खोटं लिहिणार नाही. भयंकर आला. रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलं. मग वाटलं, मी तिच्याकडून परत घेतलं तेव्हा तिने ते चार दिवस वाचलं होतं. तू पावणेपाच तास ठेवलंस. त्या पावणेपाच तासांत एकदा तरी झाकण उघडून बघितलंस का? की ते दुकानातून हललंच नाही? एवढं मला कळलं तर बरं होईल. पण हे कसल्याच निरोपात येत नाही.

— बाबा


४ एप्रिल

राजे,

एक तारखेला दहा वाजता पगार जमा झाला. सव्वादहाला सगळा पगार रोख काढलास. शिल्लक शून्य.

तेव्हापासून फोनवर तुझं काही नाही. बेकरी नाही, हॉटेल नाही, बूट नाहीत. आता तू सगळीकडे नोटा देत असशील. हुशार आहेस. अर्ज नको, रांग नको, आणि बापाचं तोंड बंद.

आधी अठरा आले की माझा जीव तुटायचा. आता अठरासुद्धा आले तर मी पेढ्यासारखे घेईन. तू खातोस की नाही हे मला माहीत नाही. आजारी आहेस की नाही हे माहीत नाही. त्या दहा जणांची बिलं अजून भरतोस का, तेही नाही. एखाद्या वेळी सुधारला असशील, पैसे बाजूला टाकत असशील, आणि मला त्याचा आनंदसुद्धा घेता येत नाही.

फोन वाजत नाही असं नाही. कर्ज घ्या, असं सांगणारे निरोप रोज येतात. त्यांचं नियमित आहे.

मी नऊ दहाला चहा गाळतो. अंदाजाने.

चूक कुठे झाली ते मी शोधतोय. बुटांची किंमत लिहायला नको होती. तिथे गप्प बसलो असतो तर अजून दहा वर्षं तुझी सकाळ मला मिळाली असती. पण मला कुठे गप्प बसता येतं? कुणी काही आणलं की पहिल्यांदा किंमत विचारायची, ही माझी जन्माची सवय. तू शाळेत असताना चित्रकलेचं बक्षीस आणलंस, रंगांची पेटी, तेव्हाही मी ती उलटी करून मागचा आकडाच बघितला होता.

— बाबा


२६ एप्रिल

राजे,

बुधवारी अकरा सव्वीसला बँकेचा शेवटचा निरोप आला. हा क्रमांक आता या खात्याशी जोडलेला नाही. त्याच्या आधी काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने काय झालं ते माहीत नाही. फोनवर तू मला चाळीस सेकंदांच्या वर दिली नाहीस, म्हणून लिहितो. हे शेवटचं. ऑफिसातले लोक आता पाकिटावरचं अक्षर ओळखू लागले असतील, तुला त्याचा ताप नको.

सोमवारी अकराच्या सुमाराला निरोप आला की नंबर बदलण्याची विनंती आली आहे, त्यासाठी हा सहा आकडी कोड, तो कोणालाही सांगू नका. तो वाचून होतो न होतो तोच फोन वाजला आणि पडद्यावर तुझं नाव आलं. दोन वर्षांनी. मी घसा साफ करेपर्यंत तू दोनदा हॅलो म्हणालास. आवाज जाड झालाय तुझा.

"बाबा, एक कोड आला असेल. तेवढा सांगा."

"आलाय. जेवलास का?"

"बाबा, मी बँकेत उभा आहे. कोड."

मी सांगितला. शेवटचे दोन आकडे उलटे करून सांगितले.

पाच मिनिटांनी तुझा पुन्हा फोन. "चुकीचा आहे." मी म्हटलं, चष्मा नव्हता. नवा कोड आला, तोही मी चुकवला. तिसराही. मग मागून बँकेतल्या बाईचा आवाज आला, "तीनदा चुकलं की चोवीस तास बंद होतं. उद्या या." फोन कट झाला. मी लगेच लावून पाहिला तर तीच आपली व्यस्त क्रमांकवाली बाई.

पण तुला सांगतो, सोमवारी दिवसभर मी हवेत होतो. दोन वर्षांत एक नाही आणि एका सकाळी तीन फोन. औषधवाल्याला सांगितलं नाही, तो मला समजावत बसला असता.

मंगळवारी मी साडेदहालाच दाढी करून बसलो. फोनवर दाढी दिसत नाही हे मला कळतं. तुझा फोन आला. मी विचारलं, "खोलीत हवा येते का रे?" तू म्हणालास, "येते." मग मी कोड चुकीचा सांगितला. दुसऱ्यांदा विचारलं, "कितव्या मजल्यावर आहे?" तू म्हणालास, "बाबा, कोड." तिसऱ्यांदा मी काही विचारलं नाही, नुसताच चुकवला. त्या दिवशी मला मिळालं ते एवढंच, की हवा येते.

मी ठरवलं होतं की असं जितके दिवस चालेल तितके दिवस चालवायचं. बँकेने पोलीस पाठवले तरी हरकत नाही. रोज तीन फोन, आठवड्याला पंधरा, मला आणखी काय हवं होतं?

बुधवारी तू फोन लावलास आणि लगेच बोलला नाहीस. मागे ती बाई बोलत होती, तुझ्याशी. म्हणाली, "आज पण रजा टाकलीत का हो?"

तू तिला म्हणालास, "अर्धी. सोमवारपासून रोज अर्धी. कापणार आहेत पगारातून."

मला सांगितलं नाहीस, तिला सांगितलंस. कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा कापली की माणूस महिनाअखेरीला स्टोअरच्या खिडकीशी येऊन कसा उभा राहायचा ते मी पाहिलेलं आहे. माझ्या एका चुकीच्या आकड्याला तू तिकडे किती दिवसांचे पाव मोजत होतास ते मला तेव्हा समजलं. मी पुन्हा तुझ्या ताटातलं काढून घेत होतो आणि या वेळी तर ठेवीत टाकायचं निमित्तसुद्धा नव्हतं.

मग तू मला म्हणालास, "बाबा, तुम्ही मुद्दाम चुकीचा सांगताय ना?"

मी म्हटलं, "हो."

मला वाटलं, आता ओरडशील. ओरडला असतास तर मी आणखी आठवडाभर चुकवला असता, देवाशपथ. आपण भांडलो तरी असतो. तू ओरडला नाहीस. मग म्हणालास, "मी दमलोय, बाबा."

तुझी आई असंच म्हणायची. तिला मी म्हणायचो, मग जरा पड. तुला काय म्हणणार? तू रांगेत उभा होतास.

मी खरा कोड सांगायला लागलो. एकेक आकडा, जितका सावकाश सांगता येईल तितका सावकाश. प्रत्येक आकड्याला तू "हं" म्हणत होतास. लहानपणी मी पाढे म्हणून घ्यायचो, तसंच झालं, फक्त आता मी म्हणत होतो आणि तू ऐकत होतास. पाच आकडे झाले. सहावा झाला. तू "हं" म्हणालास, आणि मागे ती बाई बटणं दाबायला लागली.

मी सातवा आकडा सांगितला. चार. कोडात नव्हताच तो, मीच सांगितला.

तू म्हणालास, "बाबा, सहाच असतात."

— बाबा